जिल्हा रुग्णालयातले ऑपरेशन थिएटर

सिझेरियन, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड मोडून कातडीबाहेर आले असेल तर त्यावरचे उपचार, ही तीन कामे ज्या रुग्णालयात रात्री-अपरात्रीही होतात तिथे बाकीची बहुतेक साधी ऑपरेशनेही होऊ शकतात. या तिन्हींना लागणारी सामग्री जवळपास सारखीच असते: शस्त्रक्रिया करणारा हात, भूल देणारा माणूस, ऑक्सिजन, रक्त, निर्जंतुक केलेली हत्यारे, पाणी, वीज आणि ऑपरेशननंतर रुग्णावर नजर ठेवणारी परिचारिका. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात शस्त्रक्रियेची सोय आहे का हे पाहायचे असेल, तर आधी या तीन कामांची चौकशी केली जाते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये ही कसोटी मांडली आणि तिला वेळेची अट घातली. असे रुग्णालय घरापासून दोन तासांच्या आत गाठता आले पाहिजे. बाळंतपणानंतर सुरू झालेला अनावर रक्तस्राव दोन तासांत बाईचा जीव घेऊ शकतो, हे त्या अटीमागचे कारण.

याच आयोगाने केलेला हिशेब धक्का देणारा होता. गरज पडेल तेव्हा सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळू शकत नाही अशा माणसांची संख्या सुमारे ५०० कोटी निघाली. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत तर दहातल्या नऊ जणांची हीच स्थिती होती. त्या काळात जगात वर्षाला साधारण ३१ कोटी ३० लाख ऑपरेशने होत होती. जगाच्या लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ज्या अतिगरीब देशांत राहतो, त्यांच्या वाट्याला त्यातली जेमतेम ६ टक्के येत होती. जीव वाचवण्यासाठी आणि अपंगत्व टाळण्यासाठी दर वर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशनांची गरज आहे, असा आयोगाचा अंदाज होता. शस्त्रक्रियेने बरे होऊ शकणाऱ्या किंवा आटोक्यात येऊ शकणाऱ्या आजारांनी आणि जखमांनी जाणारे बळी हे एड्स, क्षयरोग आणि मलेरिया यांच्या एकत्रित बळींपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

यातले बहुतेक आजार अवघड किंवा दुर्मीळ नसतात. ओझी उचलणाऱ्या माणसाच्या जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होतो. पहिली काही वर्षे तो नुसता दुखतो, काम जमत नाही. मग एके दिवशी त्यात आतडे अडकते आणि त्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो. वेळेवर केले तर तासाभरात आटोपणारे हे ऑपरेशन. न केले तर मरण. अपेंडिक्स फुटणे, झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडून हाड मोडणे, भाजलेल्या हाताची कातडी आखडून बोटे चिकटणे, मोतीबिंदू, जन्मतः वळलेली पावले, अशी ही यादी आहे. बाळंतीण अडली आणि सिझेरियन झाले नाही तर बहुधा मूल दगावते. आई वाचली तरी बाळाच्या डोक्याच्या दाबाखाली दोन-दोन दिवस चिरडलेले मूत्राशयाचे आवरण सडून तिथे भोक पडते. या फिस्टुलामुळे लघवी सतत झिरपत राहते, नवरा घराबाहेर काढतो, गाव दूर ठेवते. इथिओपियात कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याने १९७४ मध्ये आदिस अबाबा येथे केवळ अशा स्त्रियांसाठी रुग्णालय उघडले आणि हजारो जणींना बरे केले. युरोप-अमेरिकेत हा विकार जवळपास नाहीसा झाला आहे, आणि त्याचे श्रेय फिस्टुलाच्या रुग्णालयांपेक्षा वेळेवर होणाऱ्या सिझेरियनला जाते.

गरज किती आहे हे रुग्णालयाच्या नोंदवहीतून कळत नाही, कारण ज्याला उपचार मिळणार नाहीत हे ठाऊक असते तो रुग्णालयात येतच नाही. म्हणून सिएरा लिओनमध्ये अभ्यासकांनी घरोघर जाऊन विचारले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दर चार माणसांपैकी एकाने शस्त्रक्रियेच्या नजरेने तपासावे असे काही ना काही दुखणे सांगितले. आधीच्या वर्षभरात त्या घरांत झालेल्या मृत्यूंपैकीही साधारण चौथा हिस्सा वेळेवर शस्त्रक्रिया मिळाली असती तर टळू शकला असता, असे अभ्यासकांना आढळले.

एवढी मोठी गरज असूनही सार्वजनिक आरोग्याच्या आखणीत शस्त्रक्रियेला बराच काळ जागा नव्हती. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर प्राथमिक आरोग्यसेवेचा जो कार्यक्रम जगभर गेला, त्यात लसीकरण, पोषण, शुद्ध पाणी, क्षारसंजीवनी यांना महत्त्व मिळाले. ते योग्यच होते. पण शस्त्रक्रिया म्हणजे महागडी, मोठ्या शहरातली, तज्ज्ञांची चैन, ही समजूतही त्याच काळात घट्ट झाली. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हाफ्डान मालर यांनी १९८० मध्ये मेक्सिकोत शल्यचिकित्सकांपुढे बोलताना शस्त्रक्रियेच्या विषम वाटपाकडे उघडपणे बोट दाखवले होते. त्यानंतर पस्तीस वर्षे फारसे काही हलले नाही. मदत देणाऱ्या संस्था एकेका रोगासाठी पैसा देत. शस्त्रक्रिया हा रोग नसल्याने तिच्या नावाचे खाते कुठेच नव्हते. पॉल फार्मर आणि जिम किम या डॉक्टरांनी २००८ मध्ये या दुर्लक्षाबद्दल कठोर शब्दांत लिहिले.

समजूत मोडायला आकडे उपयोगी पडले. २०१५ मध्येच आलेल्या ‘डिसीज कंट्रोल प्रायॉरिटीज’ या ग्रंथमालेच्या शस्त्रक्रियाविषयक खंडाने ४४ मूलभूत उपचार निवडले. ते सगळीकडे मिळाले तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला सुमारे १५ लाख मृत्यू टळतील, असा त्यात अंदाज आहे. यातली बहुतेक कामे जिल्हा पातळीच्या रुग्णालयात होण्याजोगी आहेत. वाचलेल्या आयुष्याच्या वर्षांशी खर्च ताडून पाहिला तर हर्निया किंवा सिझेरियन हे लसीकरणासारख्या मान्यताप्राप्त कार्यक्रमांच्या पंगतीत बसतात. शस्त्रक्रिया गरिबांना न परवडणारी आहे, हा युक्तिवाद त्यानंतर टिकण्यासारखा उरला नाही.

पुढचा प्रश्न ऑपरेशन करणार कोण, हा. गरीब देशांत शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून लाख लोकांमागे किमान २० असावेत, अशी आयोगाची अपेक्षा आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हा आकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून खाली आहे, आणि जे तज्ज्ञ आहेत ते राजधानीत असतात. या अडचणीवर सर्वांत जुने आणि सर्वांत नीट तपासले गेलेले उत्तर मोझांबिकने दिले. १९७५ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा तिथले बहुतेक डॉक्टरही देश सोडून गेले आणि एक कोटीच्या देशात शंभराहून कमी डॉक्टर उरले. पाठोपाठ यादवी युद्ध पेटले. गोळी लागलेली माणसे आणि अडलेल्या बाळंतिणी जिल्ह्याच्या रुग्णालयात येत होत्या आणि तिथे हात लावणारे कोणी नव्हते. तेव्हा १९८४ मध्ये सरकारने अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षांचे शस्त्रक्रियेचे शिक्षण देण्याचे ठरवले: दोन वर्षे मापुतोच्या मोठ्या रुग्णालयात आणि एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात देखरेखीखाली. त्यांना ‘टेक्निको दि सिरुर्जिया’, म्हणजे शस्त्रक्रिया तंत्रज्ञ, म्हणतात. डॉक्टरची पदवी त्यांच्याकडे नसते.

डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात सुरी देणे हे ऐकायला भयंकर वाटते, आणि शंका घेणाऱ्यांची शंका वावगी नव्हती. म्हणून ती मोजून पाहिली गेली. मोझांबिकचेच कायतानु परेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये २,०७१ सिझेरियनांची तुलना प्रसिद्ध केली. त्यातली ९५८ या तंत्रज्ञांनी आणि १,११३ स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेली होती. आई आणि बाळ यांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळला नाही; जखमेचे वरवरचे टाके उसवण्याचे प्रमाण तेवढे तंत्रज्ञांकडे थोडे जास्त होते. पुढे २००७ मध्ये आलेल्या अभ्यासाने याहून मोलाची गोष्ट दाखवली. जिल्हा रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के हेच लोक करत होते. नेमणुकीनंतर सात वर्षांनी त्यांच्यापैकी ८८ टक्के जिल्ह्यातच टिकून होते. त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी सात वर्षांनी एकही उरला नव्हता. शिकवलेला माणूस गावाजवळ राहील का, हा आरोग्यसेवेतला सर्वांत अवघड प्रश्न, आणि त्याला इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

मलावी, टांझानिया, झांबिया, इथिओपिया या देशांनी आपापल्या पद्धतीने हाच मार्ग धरला. सिएरा लिओनमध्ये २०११ पासून ‘कापाकेअर’ ही संस्था आरोग्य अधिकाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवते. तिथे हर्नियाच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटाचे ऑपरेशन डॉक्टरांकडून आणि दुसऱ्याचे या अधिकाऱ्यांकडून करवले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अधिकाऱ्यांचे काम डॉक्टरांपेक्षा कमी ठरले नाही. हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण उलट त्यांच्याकडे कमी होते. दिवसेंदिवस तेच काम करणाऱ्याचा हात बसतो, एवढाच याचा अर्थ. भारतातही अशीच एक तडजोड करावी लागली: ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ मिळेनात, तेव्हा एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवडे शिकवून बाळंतपणाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल द्यायला तयार केले गेले.

या पद्धतीच्या उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. अशा कर्मचाऱ्यांना बढतीची वाट नसते, पगार कमी असतो, काही देशांत कायद्याने त्यांचे स्थान अजून धूसर आहे. अवघड रुग्ण कुणाकडे पाठवायचा, फोनवर कुणाला विचारायचे, हे ठरलेले नसेल तर ते एकटे पडतात. म्हणून तज्ज्ञांची संख्या वाढवणेही चालू ठेवावे लागते. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी १९९९ मध्ये ‘कोसेक्सा’ हे शल्यचिकित्सकांचे सामाईक महाविद्यालय स्थापन केले. त्याला स्वतःची इमारत नाही; विद्यार्थी आपल्याच देशातल्या रुग्णालयात काम करत शिकतात आणि परीक्षा सगळ्यांची एक असते. परदेशी शिकायला पाठवलेला डॉक्टर परत येत नाही, हा अनुभव घेतल्यावर ही रचना झाली आणि इथून बाहेर पडलेले बहुसंख्य शल्यचिकित्सक आफ्रिकेतच काम करत आहेत.

सर्जनइतकी चर्चा भूल देणाऱ्याची होत नाही. खरे तर अनेक जिल्हा रुग्णालयांत ऑपरेशन अडते ते तिथे. श्रीमंत देशांतली भूल देण्याची यंत्रे सिलिंडरमधल्या दाबाखालच्या वायूवर आणि अखंड विजेवर चालतात. गावात वीज गेली की ती निकामी होतात, आणि दान म्हणून आलेली कितीतरी यंत्रे सुटा भाग न मिळाल्याने कोपऱ्यात धूळ खात पडतात. मलावीत भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या पॉल फेंटन यांनी म्हणूनच वीज नसतानाही खोलीतल्या हवेवर चालू राहणारे यंत्र तयार केले. औषधांत केटामाइनचे स्थान असेच आहे. १९६२ मध्ये प्रथम तयार झालेले हे औषध इंजेक्शनने देता येते, रुग्णाचा श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब कोसळत नाही. जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथे कितीतरी ऑपरेशने याच्याच भरवशावर होतात. नशेसाठी गैरवापर होतो म्हणून केटामाइनवर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालावेत, असा प्रस्ताव चीनने २०१५ च्या सुमारास मांडला होता. तो मंजूर झाला असता तर परवान्यांच्या जाळ्यात औषध अडकले असते आणि खेड्यातली ऑपरेशने थांबली असती. जगभरच्या डॉक्टरांनी विरोध केला आणि प्रस्ताव मागे पडला.

रुग्ण भुलेखाली असताना रक्तातला ऑक्सिजन घसरतो आहे हे डोळ्यांना उशिरा कळते. बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर ते लगेच सांगतो. कोविडच्या साथीत महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेले हे उपकरण २०१० च्या सुमारास जगातल्या सुमारे ७७ हजार ऑपरेशन थिएटरांत नव्हते, असा अंदाज निघाला होता. ती उणीव भरून काढण्यासाठी २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था सुरू झाली. अतुल गावंडे हे मराठी वंशाचे अमेरिकन शल्यचिकित्सक तिचे संस्थापक. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेसाठी ऑपरेशनपूर्वी आणि नंतर वाचायची तपासणी यादी तयार करण्याच्या कामाचे नेतृत्वही त्यांनी केले होते. रुग्ण तोच ना, ऑपरेशन कुठल्या बाजूचे, प्रतिजैविक दिले का, बोळे आणि हत्यारे मोजून बरोबर आहेत का, असे ते साधे प्रश्न. दिल्ली आणि टांझानियातील इफाकारा यांच्यासह आठ ठिकाणी ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

साहित्य स्वस्त करण्याच्या कामात महाराष्ट्राचा थेट वाटा आहे, आणि तो महाराष्ट्रातच फारसा माहीत नाही. हर्नियाच्या ऑपरेशनात स्नायूंची कमकुवत भिंत नुसती शिवली तर ती पुन्हा फाटण्याचा धोका असतो, म्हणून तिथे कृत्रिम धाग्याची जाळी बसवतात. कंपन्यांची ही जाळी गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेरची. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथे रुग्णालय चालवणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड तपासून पाहिले. त्याचा धागा वैद्यकीय जाळीच्या जातीचाच होता. ते कापड कापून, निर्जंतुक करून त्यांनी रुग्णांत वापरले आणि इतर ग्रामीण शल्यचिकित्सकांसोबत केलेल्या कामाचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केले. कल्पना आफ्रिकेत पोचली. युगांडात ३०२ पुरुषांवर काटेकोर चाचणी झाली: निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची. वर्षभरानंतर पहिल्या गटात हर्निया परतण्याचे प्रमाण ०.७ टक्के होते, म्हणजे एक रुग्ण. दुसऱ्या गटात एकही नाही. त्रास आणि जंतुसंसर्ग यांतही अर्थपूर्ण फरक नव्हता. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे निष्कर्ष छापले. कंपनीच्या जाळीला शंभर डॉलरच्या वर पैसे पडत होते, मच्छरदाणीच्या तुकड्याला एक डॉलरच्या आसपास. अर्थात बाजारातली कुठलीही मच्छरदाणी चालत नाही. ती कीटकनाशक लावलेली नसावी लागते, आणि धागा वितळू नये म्हणून तिचे निर्जंतुकीकरण १२१ अंश सेल्सियसवर करावे लागते, त्याहून जास्त तापमानावर नाही.

रक्ताचा प्रश्न असा एका जाळीने सुटत नाही. ते साठवायला थंड पेटी लागते, तपासायला प्रयोगशाळा लागते आणि त्याची मुदत थोडी असते. डोंगराळ रवांडात २०१६ पासून मध्यवर्ती साठ्यातून दूरच्या रुग्णालयांकडे ड्रोनने रक्ताच्या पिशव्या पाठवल्या जातात. देश लहान आणि प्रशासन शिस्तीचे असल्याने हे तिथे जमले.

ऑपरेशन यशस्वी झाले म्हणजे रुग्ण वाचला असेही नाही. आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या ११,४२२ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे रुग्ण जगातल्या सरासरी रुग्णांपेक्षा तरुण आणि कमी जोखमीचे होते, तरीही त्यांच्यातल्या मृत्यूचे प्रमाण २.१ टक्के, म्हणजे जागतिक सरासरीच्या दुप्पट होते. मरण पावलेल्यांपैकी ९४ टक्के ऑपरेशनच्या दिवसानंतर, वॉर्डात दगावले. रात्रपाळीला चाळीस-पन्नास खाटांमागे एक परिचारिका असेल तर कोणाचा रक्तदाब उतरला आणि कोणाला ताप चढला हे तिला कळायचे कसे? थिएटर बांधायला देणगी मिळते, रात्रपाळीच्या पगाराला मिळत नाही. या आकड्यामागे तेही एक कारण आहे.

आणि हे सगळे असले तरी पैशाची अडचण राहते. दर वर्षी सुमारे ३ कोटी ३० लाख लोक शस्त्रक्रियेच्या बिलामुळे आर्थिकदृष्ट्या कोसळतात, असे आयोगाने म्हटले आहे. प्रवास, जेवणखाण, बुडालेली मजुरी यांमुळे आणखी ४ कोटी ८० लाख. म्हणजे ऑपरेशन फुकट केले तरी अर्ध्याहून जास्त माणसांचे संकट टळत नाही. बैल किंवा जमीन विकून बायकोचे सिझेरियन करणारा माणूस आकडेवारीत ‘उपचार मिळालेला’ म्हणून नोंदला जातो.

परदेशी डॉक्टरांची शिबिरे आणि रुग्णालयाची जहाजे दुभंगलेले ओठ, गाठी, मोतीबिंदू यांसाठी उपयोगी पडतात, आणि ज्यांना त्यांचा लाभ झाला त्यांच्यासाठी ते सर्वस्व असते. पण आतडे अडकलेला रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण पुढच्या जहाजाची वाट पाहू शकत नाही. तातडीची शस्त्रक्रिया रोज, तिथेच आणि तिथल्याच माणसांनी करावी लागते. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तातडीची आणि मूलभूत शस्त्रक्रिया व भूल हा सार्वत्रिक आरोग्यसेवेचा भाग असल्याचा ठराव एकमताने केला. त्याचा आग्रह धरणाऱ्यांत झांबिया पुढे होता. त्यानंतर झांबिया, टांझानिया, रवांडा, नायजेरिया यांनी शस्त्रक्रियेच्या राष्ट्रीय योजना तयार केल्या. इथिओपियाने आपला स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. किती थिएटरे, किती भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन कुठून, यांचे हिशेब या कागदांत आहेत. अर्थसंकल्पात त्यांच्या नावाची तरतूद मात्र अनेक ठिकाणी अपुरी राहिली आणि बाहेरच्या देणगीदारांनीही या योजनांसाठी हात सैल सोडलेला नाही. आयोगाने २०३० पर्यंत लाख लोकांमागे वर्षाला ५,००० ऑपरेशने हे लक्ष्य ठेवले होते. सहाराच्या दक्षिणेकडचे बहुतेक देश त्यापासून अजून फार दूर आहेत. तिथे पोचण्यासाठी नव्या शोधांपेक्षा प्रशिक्षित माणसांचे नियमित पगार, ऑक्सिजन आणि रक्त यांवर दर वर्षी होणारा खर्च जास्त गरजेचा आहे, आणि तो सरकारी तिजोरीतूनच व्हावा लागेल.